चार नंबरचं घड्याळ

सकाळचे सहा वाजून बारा मिनिटं. राउशान कब्देनोव्हाच्या टेबलावर पाच यंत्रं चालू आहेत आणि चार नंबरच्या यंत्रावर एकशे चाळीस मेंढ्या खिंड उतरताहेत. खिडकीबाहेर उस्केमेन शहर अजून अंधारात आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं घड्याळ सात वाजून बारा मिनिटं दाखवतंय, आणि ते बिघडलेलं नाही.

पावणेदोन वर्षांपूर्वी, मार्चच्या एक तारखेला, सगळ्या देशाची वेळ एक करण्यात आली. पूर्व टोकाला घड्याळं तासभर मागे गेली. तेव्हापासून नोव्हेंबरात इथे पावणेचारला सूर्य मावळतो. शाळा, कचेऱ्या, बस नव्या वेळेनं चालतात. पण भेटायची वेळ ठरवताना माणसं अजून विचारतात, ‘नव्या की जुन्या?’ राउशानच्या घरात दोन्ही आहेत. तिच्या मनगटावर नवी वेळ असते. भिंतीवरची जुनी वेळ तिच्या नवऱ्याची, तोक्तारची. तोक्तार मधमाश्या पाळतो. माश्यांना अजून हुकूम पोचलेला नाही, असं तो सांगतो.

राउशान त्रेपन्न वर्षांची आहे. गेम बाजारात येण्याआधी तो खेळून बघायचा आणि कुठे मोडतो ते लिहून कळवायचं, हे तिचं काम. तेही विंडोजवर नव्हे, लिनक्स या मोफत प्रणालीवर. एक नंबरच्या यंत्रावर तेवढं विंडोज आहे, ताडून पाहण्यापुरतं. दोन नंबर जुना लॅपटॉप, तीन नंबर नवा मोठा कॉम्प्युटर, चार नंबर हातात धरून खेळायचं यंत्र, आणि पाच नंबर शाळेच्या लिलावातून आणलेलं जुनं खोकं. आकडे पांढऱ्या रंगानं रंगवलेले आहेत. बसवर रंगवतात तसे, जरा तिरके.

बसचा संबंध आहेच. एकोणतीस वर्षं ती बस डेपोच्या नियंत्रण कक्षात बसत होती. कुठली गाडी कुठे आहे, कुठे बंद पडली, कधी पडली, हे वहीत लिहायचं. पुढे गाड्यांवर उपग्रहाची डबी बसली आणि कक्षाला कुलूप लागलं. त्याच वर्षी अल्माटीला राहणाऱ्या मुलीनं तिचा जुना लॅपटॉप घरी टाकला. त्यात नवं विंडोज मावेना. राउशाननं दोन संध्याकाळी खर्ची घालून, इंटरनेटवर वाचत वाचत, त्यावर लिनक्स बसवलं. मग एक लहानसा शेतीचा गेम घेतला. तो तिसऱ्या दिवशी बंद पडला. तिनं तो करणाऱ्याला डेपोच्या पद्धतीनं पाच ओळी लिहून पाठवल्या: वेळ, यंत्र, जागा, काय झालं, त्याच्या आधी काय केलं होतं. पोलंडमधून उत्तर आलं. पगारी माणसांकडूनही आम्हाला इतकं नीट कळत नाही, असं त्यानं लिहिलं होतं, आणि पुढचा गेम बघाल का, असं विचारलं होतं. आज अकरा लहान कंपन्या तिला गेम पाठवतात. तिच्या नोंदी त्या एकमेकींना दाखवतात. तिनं आजवर एकही नोंद मागे घेतलेली नाही.

या शुक्रवारी सकाळी टेबलावर जे पडलं होतं, ते तिच्या दोनशे बाराव्या नोंदीचं फळ होतं.

‘सात कुरणं’ नावाचा एक गेम शेजारच्या देशात, बिश्केकमध्ये, दोघं जण करताहेत. कुबानिच प्रोग्राम लिहितो, जार्किन चित्रं काढते. खेळणाऱ्यानं कळप घेऊन वसंतात निघायचं, सात कुरणं पार करायची आणि बर्फ पडायच्या आत मेंढ्या मोजून परत आणायच्या. अडीच वर्षांचं काम आहे, डिसेंबरच्या बारा तारखेला बाजारात येणार आहे. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत, एक विंडोजची आणि एक खास लिनक्ससाठी. बुधवारी राउशाननं नोंद पाठवली: ‘लिनक्सच्या आवृत्तीत जपून ठेवलेला खेळ नाहीसा होतो. तीनदा पाहिलं.’ जपून ठेवलेला खेळ जाणं म्हणजे गेममध्ये सर्वांत वाईट. मेंढी लांडग्यानं नेली तर खेळाडू हळहळतो. दोन तासांची चाल गेममुळे पुसली गेली तर तो पैसे परत मागतो आणि चार लोकांना सांगतो.

गुरुवारी संध्याकाळी कुबानिचचा निरोप आला. ‘एजे, उद्या आमच्या बारा वाजता बसून ठरवू. लिनक्सची वेगळी आवृत्ती सोडून द्यावी म्हणतो. विंडोजचीच दुभाष्यामार्फत चालेल.’ एजे म्हणजे थोरली बहीण. दुभाषा म्हणजे तो प्रोग्राम, जो विंडोजच्या गेमची बोली लिनक्सला समजावून सांगतो. हल्ली तो इतका हुशार झाला आहे की बहुतेक कंपन्या लिनक्ससाठी वेगळं काही करतच नाहीत.

बिश्केकचे बारा म्हणजे इथले नवे अकरा. तिच्याकडे पावणेपाच तास होते.

डेपोत नियम होता: गाडी मार्गावरून काढायची तर दोष दोन वेगळ्या ठिकाणी दिसला पाहिजे. राउशाननं तीनदा पाहिला होता. पण पहाटे वही चाळताना तिच्या लक्षात आलं की तिन्ही वेळा खेळ चार नंबरवरून दुसरीकडे नेला होता. तीनदा पाहिला खरा, पण तिन्ही वेळा त्याच गाडीवर.

म्हणून तिनं सहा वाजता पहिल्यापासून सुरुवात केली. दोन नंबरवर खेळायचं, खेळ जपून ठेवायचा, तीन नंबरवर उघडायचा. आला. तीनवरून पाचवर. आला. पाचवरून एक नंबरच्या विंडोजवर. आला, एकशे चाळीस मेंढ्या आणि कुत्रा. मग चार नंबरवर खिंड उतरून खेळ ठेवला, दोन नंबरवर पुढे नदीपर्यंत गेली, तिथे ठेवला आणि तीन नंबरवर उघडला. मेंढ्या परत खिंडीत. नदी गेली.

‘अजून उपाशीच?’ तोक्तार दारात उभा होता. अंगात लोकरी बनियन, हातात चहाचा वाडगा. ‘आठ वाजून गेले.’

‘सात.’

‘सात तुझ्या हातावर. माझ्या पोटात आठ वाजलेत.’

‘बाउर्साक डब्यात आहेत. मध तुझाच आहे. मला बोलायला लावू नकोस.’

तो ते पिठाचे तळलेले गोळे खात बसला. तिनं वही पुढे ओढली. वहीतल्या वेळा ती मनगटावरून लिहिते, यंत्रावरच्या घड्याळावरून कधी नाही. ही डेपोचीच सवय. वहीत लिहिलं होतं: चार नंबर, खिंड, सहा अडतीस. तिनं चार नंबरवर जपलेल्या खेळांची यादी उघडली. खिंड, सात अडतीस.

तिनं दोन्ही वेळा बोट ठेवून पुन्हा वाचल्या. मग बाकीची चार यंत्रं तपासली. वही आणि यंत्र, मिनिटाला मिनिट जुळत होतं.

पहिला संशय तिला यंत्रातल्या जुन्या तक्त्याचा आला, कुठल्या गावाला कुठली वेळ ते सांगणाऱ्या. वेळ बदलली त्या मार्चमध्ये अर्ध्या शहराचे फोन आणि कॉम्प्युटर आठवडाभर चुकीची वेळ दाखवत होते. पण चार नंबरवरचा तक्ता नवा होता. फक्त ‘वेळ आपोआप घ्यावी’ हे बटण कुणीतरी बंद केलं होतं आणि काटा हातानं तासभर पुढे सरकवला होता. घरात हात चारच आहेत, त्यांतले दोन तिचे.

‘तोक्तार. चार नंबरच्या घड्याळाला हात लावलास?’

‘लावला.’

‘कधी?’

‘रविवारी. मागे पडलं होतं.’

‘मागे नव्हतं पडलं. वेळच तेवढी होती.’

‘ती राजधानीची, अस्तानाची वेळ. अस्तानाला सूर्य दिसतो तेव्हा इथे माणसं कामाला लागलेली असतात.’

‘विचारायचं तरी मला.’

‘घड्याळ मागे पडलं तर तीस वर्षांत कधी विचारलं होतं? चावी दिली, मोकळा.’ त्यानं मधात बाउर्साक बुडवला. ‘आणि उगाच नाही केलं. बाहेर मिट्ट काळोख झाला तरी तुझ्या त्या बिश्केकवाल्याच्या मेंढ्या उन्हात चरताहेत! पाच वाजल्याशिवाय संध्याकाळच होत नाही त्याच्याकडे. खिडकीत बघावं तर रात्र, हातात बघावं तर ऊन. लांडगा काय घड्याळ बघून येतो? तास पुढे केला, बरोबर झालं. इथे अंधार, तिथेही अंधार.’

माश्यांची खोकी थंडीसाठी तळघरात गेली की तोक्तारला मार्चपर्यंत काम नसतं. गेल्या वर्षीपर्यंत तो या टेबलाकडे बघून नाक मुरडायचा. यंदा ऑक्टोबरात त्यानं चार नंबर हातात घेतला आणि तो पाचव्या कुरणापर्यंत पोचला. राउशाननं अडवलं नव्हतं. साधा माणूस कसा खेळतो तेही बघायचं असतं.

‘म्हाताऱ्या,’ ती म्हणाली, ‘तुझ्या अंधारापायी मी दोन माणसांचं अडीच वर्षांचं काम मार्गावरून काढायला निघाले होते.’

‘मी? मी तर एकही मेंढी हरवली नाही. एकशे बेचाळीस आहेत, मोज.’

घोळ सरळ होता. हा गेम खेळाडूची चाल इंटरनेटवर ठेवतो, म्हणजे ती कुठल्याही यंत्रावर उघडता येते. अनेक चाली असतील तर सर्वांत नवी उचलतो. नवी कुठली, हे तो ज्या त्या यंत्राच्या घड्याळावरून ठरवतो. चार नंबरवरची सहा अडतीसची चाल स्वतःला सात अडतीसची म्हणवत होती. तिच्यापुढे दोन नंबरवरची सातची चाल जुनी ठरली आणि पुसली गेली. ज्या शहरात भिंतीवर एक वेळ आणि मनगटावर दुसरी असते, तिथे हे आज ना उद्या व्हायचंच.

आठ वाजून दहा मिनिटांनी तिनं एक नंबरचं, म्हणजे विंडोजचं घड्याळ मुद्दाम तासभर पुढे केलं. त्यावर खेळून खेळ ठेवला. मग दोन नंबरवर वीस मिनिटं खेळली, ठेवला. तीन नंबरवर उघडला. वीस मिनिटं गायब. पुन्हा एकदा केलं. पुन्हा गायब. दोष लिनक्सचा नव्हता. विंडोजवरही तो तितकाच होता, फक्त तोक्तार विंडोजवर खेळत नव्हता.

एक नंबरचं घड्याळ तिनं जागेवर आणलं, चार नंबरचंही आणलं आणि लिहायला बसली.

साडेनऊला तिनं कुबानिचला फोन करून, तोक्तारच्या तक्रारीसकट, थोडक्यात सांगितलं. त्यानं पलीकडे नोंदींची यादी उघडली. मग म्हणाला, ‘मग एजे, दोनशे बारा उडवून टाका ना. बटण आहे तिथे. मी आणि जार्किन सोडून कुणी वाचलेली नाही.’

‘उडवत नसतात.’

‘तुमच्यासाठीच सांगतोय. बाकीच्या कंपन्या वाचतात तुमच्या नोंदी.’

‘म्हणूनच.’

डेपोच्या वहीत खोडरबर चालत नसे. चुकीच्या ओळीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं, वेळ घालायची, सही करायची. राउशाननं ते अनेकदा केलं होतं, पण नेहमी दुसऱ्यांच्या ओळींवर. नऊ बावन्नला तिनं दोनशे बारावर रेघ मारली. खाली लिहिलं: ‘नोंद चुकीची. तपासणीच्या यंत्राचं घड्याळ घरात हातानं बदललं गेलं होतं, मी पाहिलं नव्हतं. दोष दोन्ही आवृत्त्यांत आहे, नोंद २१३ पहावी. रा. कब्देनोव्हा.’ पाठवल्यावर तिनं ते दोनदा वाचलं. मग उठून भांडी घासली, जी तोक्तारच्या वाट्याची होती.

अकराला बिश्केकहून फोन आला. भिंतीवर बारा वाजले होते. तोक्तार बोलावल्याशिवाय येऊन स्टुलावर बसला.

‘एजे, मीच आधी बोलते,’ जार्किन म्हणाली. तिचा आवाज हसल्यासारखा होता. ‘तुमच्या घरी भाऊजी आहेत का? त्यांना सांगा, माझ्या मेंढ्या रोज पाचलाच घरी जातात. त्यांच्या आईनं तसंच शिकवलंय.’

‘मेंढीला आई शिकवते, घड्याळ नाही शिकवत!’ तोक्तार मागून ओरडला.

‘गप्प बस तू,’ राउशान म्हणाली. ‘कुबान, बोल.’

‘दोनशे तेरा वाचली. बरोबर आहे, चूक माझी. यंत्राच्या घड्याळावर भरवसा ठेवायला नको होता. पण त्यानं मूळ प्रश्न सुटत नाही, एजे. दोन आवृत्त्या म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा. प्रोग्राम लिहिणारा मी एकटा. खेळणाऱ्या शंभरांत लिनक्सवाले किती? तीन. फार तर चार. त्यांना दुभाषा आहे. मोठ्या मोठ्या कंपन्या वेगळी आवृत्ती काढत नाहीत, दुभाष्यावर भागवतात. काही ऑनलाइन गेमवाले तर लिनक्सला दारातूनच परत पाठवतात, खेळातली लबाडी पकडणारा आमचा पहारेकरी तुमच्याकडे बसू शकत नाही म्हणतात. आणि आम्ही दोघं, एका खोलीत बसून, दोन दोन आवृत्त्या!’

‘त्यांचे गेम माझ्याकडे येत नाहीत. तुझा आला आहे. शंभरांत किती ते मला ठाऊक नाही, पाच नंबर ठाऊक आहे. सांगू?’

‘सांगा.’

‘खास आवृत्ती पाच नंबरवर सेकंदाला एकेचाळीस चित्रं काढते. विंडोजची, दुभाष्यामार्फत, तेवीस. तिसऱ्या कुरणात कळप पाण्यावर उतरला की दुभाष्याची मेमरी भरते आणि गेम थांबतो. चार वेळा पाहिलं, दोन वेगवेगळ्या दिवशी. तीन नंबरवर दोन्ही सारख्याच पळतात, काही फरक नाही. तेही लिहिलंय.’

‘पण पाच नंबरसारखं खोकं आता कुणाकडे असतं?’

‘आमच्याच जिन्यावर चार घरांत आहे. नव्या विंडोजनं घरात घेतलं नाही अशी यंत्रं आहेत ही, कुबान. चालतं यंत्र फेकून कोण देतं? त्यावर लिनक्स घालतात आणि लहान गेम घेतात. मोठा त्यात शिरतच नाही. तुझाच घेणार ना ते?’

जार्किन म्हणाली, ‘मी हेच म्हणत होते.’

‘तू चित्रं काढ,’ कुबानिच म्हणाला. ‘बरं. आणि घड्याळाचं काय करू? इंटरनेट नसताना खेळला तर खरी वेळ आणायची कुठून?’

‘वेळ आणूच नकोस. क्रमांक लाव.’

‘म्हणजे?’

‘आमच्याकडे गेन्नादी नावाचा ड्रायव्हर होता. उशीर झाला की मनगटावरचं घड्याळ मागे करून यायचा. बघा, वेळेवर आलोय. सगळ्यांची घड्याळं वेगळी, कुणाकुणाशी भांडणार? मग फेरीच्या कागदांवर आकडे छापले. सतरानंतर अठरा. अठरा नंबर हातात असेल तर तो सतराच्या नंतरचाच, घड्याळ काहीही म्हणो. एकाच आकड्याचे दोन कागद आले तर मात्र ड्रायव्हरलाच विचारायचं, कुठला खरा.’

पलीकडे कळफलक वाजला. ‘दीड दिवसाचं काम आहे,’ कुबानिच स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. ‘दोन्हीकडे चालेल.’

त्यानंतर तो काही वेळ जार्किनशी किर्गिझमध्ये भरभर बोलला. राउशानला त्यातलं बरंचसं कळलं, पण ती ऐकत नसल्यासारखी वहीत रेघा आखत राहिली. मग त्यानं अट सांगितली. बारा डिसेंबरपर्यंत रोज, शनिवार-रविवार धरून, नवी आवृत्ती सकाळी आठला निघेल. लिनक्सची राउशाननं आधी बघायची आणि त्यांच्या बाराच्या आत नोंद पाठवायची. दोष असो वा नसो, नोंद हवी. दोन दिवस चुकले तर लिनक्सची वेगळी आवृत्ती निघणार नाही, विंडोजची एकटी जाईल.

‘आजारी पडले तर?’

‘तर एक दिवस वापरलात, एजे. मी तरी काय करू? मला झोपायला तेवढाच वेळ उरतो.’

‘ठीक आहे,’ ती म्हणाली. डेपोत सुट्टीचे दिवस याहून कमी असत.

फोन ठेवल्यावर तोक्तारनं विचारलं, ‘म्हणजे लिनक्सची आवृत्ती टिकली?’

‘बारा तारखेपर्यंत.’

‘आणि माझ्या मेंढ्या? घड्याळ मागे नेलंस ना परत? म्हणजे आता बाहेर रात्र आणि आत ऊन.’

‘दोनशे चौदा लिहिलीय तुझ्यासाठी. संध्याकाळ किती वाजता व्हावी ते खेळणाऱ्याला ठरवू द्या, म्हणून.’

‘मग? काय म्हणाला?’

‘वसंतात बघू, असं लिहून कळवलंय.’

‘वसंतात मला माश्या असतात,’ तोक्तार म्हणाला आणि त्यानं उठून शेगडीवर पाणी ठेवलं.

दुपारी तिनं चार नंबरच्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि त्यावर लिहिलं: ‘घड्याळास हात लावू नये.’ डेपोच्या नियंत्रण कक्षात मोठ्या घड्याळाखाली हेच शब्द होते. तोक्तारनं चष्मा लावून ते वाचलं. खाली सही नाही, म्हणाला. तिनं सही केली.

चार वाजता बाहेर दिवे लागले. चार नंबरच्या पडद्यावर मेंढ्या लख्ख उन्हात चरत होत्या आणि तोक्तार पडद्याकडे पाठ करून मधाच्या चौकटींना खिळे मारत बसला होता. राउशाननं स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवरच्या घड्याळाची बॅटरी बदलली. काटे होते तिथेच ठेवले. बिश्केकची वेळ तीच आहे, आणि आता ती तिलाही रोज लागणार होती.

उद्या शनिवार. बिश्केकहून पहिली आवृत्ती सकाळी आठला निघेल. तेव्हा राउशानच्या मनगटावर सात वाजलेले असतील आणि भिंतीवर आठ. तपासणी पाच नंबरपासून सुरू होईल.